पुढे म्हणजे कुठे?

एखाद्या वस्तूची स्तुती तर करायची आहे, पण तिच्याविषयी सांगण्यासारखे काही हाताशी नाही, अशा पेचात सापडलेल्या माणसांना अलीकडे एक शब्द गवसला आहे. तो शब्द म्हणजे ‘सहज’. ही प्रणाली संगणकात सहज टाकता येते, तिचा मेनू सहज समजतो, अहो, लहान मूलसुद्धा सहज करील! या शेवटच्या वाक्यात एक चपराक दडलेली आहे. ज्याला ते जमले नाही तो लहान मुलाहूनही खालचा, हे त्यात ओघानेच येते. आणि तो बिचाराही ते मुकाट्याने मान्य करतो. ‘आमचंच डोकं चालत नाही हो,’ असे म्हणत तो खुर्चीवरून उठतो, संगणक पिशवीत घालून बाजारातल्या दुकानदाराकडे नेतो आणि पैसे मोजून काम करून आणतो. माझे भांडण या मुकाट्याने मान्य करण्याशी आहे.

मी एका विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवते, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते आणि माझे स्वतःचे शिक्षण दहावीवर थांबलेले आहे. शाळेच्या संगणकखोलीची किल्ली माझ्याकडे असते ती मला संगणक कळतो म्हणून नव्हे, तर माझे घर शाळेला सर्वांत जवळ आहे म्हणून. पण या किल्लीपायी गेली कित्येक वर्षे मी नवखी माणसे पडद्यासमोर बसलेली पाहत आले आहे. विद्यार्थी, त्यांचे पालक, आमचे लिपिक, शिपाईमामा, एकदा तर संस्थेचे अध्यक्ष. अमुक ठिकाणी यांचे बोट अडते, हे आता मला त्यांच्या पाठीमागे उभे राहूनही कळते. तेव्हा त्यांच्या वतीने चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजते.

पहिली गोष्ट ही की, पडद्यावर उपजत समजण्यासारखे काहीही नसते. १९७९ साली अ‍ॅपल कंपनीत मॅकिन्टॉशचा घाट ज्याने घातला, त्या जेफ रास्किनने १९९४ साली एक छोटासा लेख लिहून हे सांगून टाकले आहे. आपण ज्याला सहज म्हणतो ते फक्त ओळखीचे असते, असे त्याचे म्हणणे. माझ्या आजीला जाते सहज होते. खुंट्यावर हात पडला की दळण सुरू. आज तेच जाते माझ्या मुलीपुढे ठेवले तर दाणे कुठून घालायचे इथपासून तिची तयारी करावी लागेल. माउसचेही तसेच. आमच्या पाचवीतल्या एका मुलाने पहिल्या दिवशी माउस सरकवत सरकवत टेबलाच्या कडेपर्यंत नेला आणि घाबरून मला म्हणाला, ‘बाई, टेबल संपलं!’ माउस उचलून पुन्हा मध्ये ठेवायचा असतो हे त्याला कोण सांगणार? आपल्यालाही कधीतरी कुणीतरी सांगितले होते. आपण ते विसरलो, आणि विसरलो म्हणून त्याला सहज म्हणू लागलो, इतकेच.

आता यावर तज्ज्ञ मंडळींचे उत्तर तयार असते. ‘बरोबर आहे बाई, सगळे सवयीने येते, तुमच्या लोकांनाही येईल.’ दैनंदिन वापराच्या वस्तूंबाबत हे उत्तर मी ऐकून घेईन. पत्र लिहिण्याची प्रणाली रोज वापरायची असते. आज अडखळलात, उद्या कमी अडखळाल, महिन्याभरात हात बसेल. पण प्रणाली संगणकात टाकणे हे काम माणूस किती वेळा करतो? पाच वर्षांत एकदा? काही जण तर आयुष्यात एकदाच. ज्या रस्त्याने एकदाच जायचे, त्या रस्त्याची सवय कशी व्हावी? आणि तो रस्ताही असा, की एका वळणावर चुकीचा पाय पडला तर लेकीच्या लग्नाचे फोटो कायमचे गेले. रोजच्या वापरातला मेनू वाईट असला तर माणूस वैतागतो. टाकण्याच्या वेळचा मेनू वाईट असला तर माणूस लुबाडला जातो. म्हणून सवयीचा दाखला इथे चालत नाही. हा एकच मेनू असा आहे, की जो पहिल्याच भेटीत समजला पाहिजे.

‘कोणतीही कळ दाबा’ अशी सूचना वाचून ‘एनी’ नावाची कळ कुठे आहे असे विचारणाऱ्या माणसाचा विनोद संगणकवाल्यांच्या बैठकीत हमखास सांगितला जातो. मला त्या विनोदावर कधी हसू आले नाही. कारण त्या सूचनेप्रमाणे शिफ्टची कळ दाबून पाहा. पुष्कळदा काहीही होत नाही. म्हणजे ‘कोणतीही’ हे खोटेच होते. एंटर दाबा, असे लिहिले असते तर काम भागले असते. लिहिणाऱ्याने ढिसाळपणा करायचा आणि हसायचे वाचणाऱ्याला, हा कुठला न्याय? आमच्याकडे प्रश्नपत्रिकेत असा संदिग्ध प्रश्न पडला तर मुलांना पूर्ण गुण द्यावे लागतात, आणि प्रश्न काढणाऱ्या शिक्षकाला मुख्याध्यापकांच्या खोलीत जावे लागते.

प्रश्नपत्रिकेचा विषय निघालाच आहे तर तोच धरून बोलू. कारण प्रणाली टाकतानाचा मेनू ही खरोखरच एक प्रश्नपत्रिका असते. भाषा कोणती, देश कोणता, कळफलक कोणता, डिस्कचे काय करायचे, तुमचे नाव काय, परवलीचा शब्द काय. प्रश्न काढणाऱ्याने पहिल्यांदा स्वतःला विचारायला हवे, की हा प्रश्न विचारायची गरज आहे का? डेबियन नावाची एक प्रणाली आहे. १९९३ साली ती सुरू झाली, जगभरच्या स्वयंसेवकांनी ती उभी केली आणि ती कुणालाही मोफत मिळते. या मंडळींनी प्रश्नांच्या चार प्रती ठरवल्या आहेत. माणसाने उत्तर दिले नाही तर यंत्र बिघडण्याचाच संभव, असा प्रश्न पहिल्या प्रतीचा. ज्याला आपल्या मनाने वाजवी उत्तर धरता येत नाही तो दुसऱ्या प्रतीचा. वाजवी उत्तर धरता येते तो तिसरा, आणि बहुतेक सगळ्यांना चालेल असे उत्तर ज्याला आहे तो चौथा. नवख्या माणसाला पहिल्या दोन प्रतींचेच प्रश्न विचारायचे, बाकीच्यांची उत्तरे यंत्राने गुपचूप धरून चालायचे. ज्याला सगळेच प्रश्न हवे असतील त्या जाणकारासाठी वेगळा दरवाजा ठेवायचा. मला ही व्यवस्था फार आवडते. तिच्यात नवख्याचा अपमान नाही आणि जाणकाराची अडवणूक नाही.

याचे फळ कसे मिळते ते पाहा. डेबियन टाकताना देश म्हणून भारत निवडला, की घड्याळाची वेळ कोणती ठेवायची हे ती विचारतच नाही. भारताला वेळ एकच आहे, मग विचारायचे काय? आता दुसरीकडे या. पुष्कळ मेनूंत वेळेसाठी शहर निवडायचे असते आणि आमचा माणूस ‘मुंबई’ शोधतो. मुंबई नाही. पुणे तर नाहीच. आहे ते कोलकाता! कारण वेळांची जी यादी जगभरचे संगणक वापरतात, तिच्यात भारतासाठी एकच नाव आहे, आणि ते कोलकात्याचे. यादी करणाऱ्यांचे त्यात काही शास्त्र आहे, त्याला माझी हरकत नाही. पण ते शास्त्र घरातले, ते पाहुण्याला कशाला? विंडोजने त्याच जागी चेन्नई, कोलकाता, मुंबई आणि नवी दिल्ली अशी चार नावे लिहून टाकली, आणि प्रश्न मिटला. चार शब्द! त्यासाठी कुणाला संशोधन करावे लागले नाही. फक्त शोधणारा माणूस कोणत्या गावचा असेल, याचा विचार करावा लागला.

पण माझ्या आवडत्या डेबियनलाही मी सोडणार नाही. इतके प्रती-बिती लावून झाल्यावरही ती नवख्याला ‘डोमेन नेम’ काय, असे विचारते. आणि खाली तळटीप अशी, की घरच्यासाठी असेल तर मनाला येईल ते लिहिले तरी चालेल! मनाला येईल ते लिहून चालत असेल तर विचारता कशाला? आमच्या अध्यक्षांनी या प्रश्नासमोर दहा मिनिटे विचार केला होता. गृहस्थ प्रामाणिक, त्यांना वाटले, सरकारदरबारी कुठे नोंद होणार असेल.

आता डिस्कच्या प्रश्नाकडे येते, कारण खरा घोर तिथेच आहे.

विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि आमच्या शाळेतले जुने संगणक पुढच्या आवृत्तीच्या अटींत बसत नव्हते. अशी लक्षावधी यंत्रे देशभर शाळाशाळांतून, घराघरांतून पडून आहेत. ती भंगारात घालायची नसतील तर त्यांत एखादी मोफत प्रणाली टाकणे हा मार्ग उरतो. आमच्या संस्थेनेही तेच ठरवले आणि कुणीतरी सुचवलेली एक प्रणाली पेनड्राइव्हवर आणून दिली. तिचे नाव मी घेणार नाही. कार्यालयातला संगणक आमच्या लिपिकांनी, भाऊसाहेबांनी, स्वतः हाती घेतला. भाऊसाहेब म्हणजे निष्काळजी माणूस नव्हे. तीस वर्षे जनरल रजिस्टरमध्ये ज्यांची एक खाडाखोड नाही, असे गृहस्थ. पडद्यावर इंग्रजीत दोन पर्याय आले. एकाचा अर्थ ‘मी स्वतः वाटणी करतो’ असा काहीसा होता आणि दुसऱ्याचा अर्थ होता ‘संपूर्ण डिस्क वापरा’. भाऊसाहेबांनी दुसरा निवडला. का निवडला, ते त्यांनी मला नंतर सांगितले, आणि ते उत्तर मी विसरू शकत नाही. ‘बाई, एवढी जागा आहे तर पूर्ण वापरावी, वाया कशाला घालवायची?’

संपूर्ण डिस्क ‘वापरली’ गेली. म्हणजे तीवर जे होते ते सगळे गेले. जुन्या विद्यार्थ्यांच्या दाखल्यांच्या नोंदी शिपाईमामांनी आणि मी सुट्ट्यांत बसून संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. त्यांची मार्चअखेरची प्रत वेगळी होती, ती वाचली. पुढच्या चार महिन्यांचे काम मातीत. मूळ रजिस्टरे कपाटात आहेत, म्हणून कुणाचा दाखला अडला नाही. पण भाऊसाहेब दोन दिवस जेवायच्या सुट्टीत डबा न उघडता बसले होते, ते मी पाहिले आहे.

मी विचारते, यात चूक कुणाची? ‘वापरा’ या शब्दात ‘पुसून टाका’ हा अर्थ कुठल्या कोशात आहे? यंत्राच्या बाजूने पाहिले तर ते बरोबर आहे. यंत्राला जागा हवी होती, त्याने ती वापरली. पण मेनू यंत्राने वाचायचा नसतो. माणसाला हवे असते ते एवढेच, की माझ्या चीजवस्तूंचे यात काय होणार? सगळे राहणार, थोडे जाणार, की सगळे जाणार? उबुंटूच्या मेनूने या बाबतीत सभ्यपणा दाखवला आहे, तो सांगितला पाहिजे. तो आधी डिस्क पाहतो आणि ‘या संगणकात सध्या विंडोज आहे’ असे स्वतःहून सांगतो. मग विचारतो, शेजारी टाकू की पुसून टाकू? पुसण्याच्या पर्यायाखाली तुमचे कागद, फोटो, गाणी सारे जाईल, असा इशाराही देतो. फोटो हा शब्द वाचला की हात थांबतो. ‘डिस्क’ या शब्दावर कुणाचाही हात थांबत नाही.

आणि ज्याला हे लोक ‘पार्टिशन’ म्हणतात ती आमच्या माणसाला न कळणारी गोष्ट आहे, असे तर मुळीच नव्हे. वाटणी कुणाला कळत नाही? दोन भावांत चार एकर रान, मधे बांध, प्रत्येकाचा सातबारा निराळा. खातेफोड करताना कुणाचा हिस्सा किती आणि विहीर कुणाच्या वाटणीत, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडलेली माणसे आहेत आम्ही! ‘या डिस्कचे दोन हिस्से करायचे आहेत, मोठ्या हिश्श्यात तुमची जुनी प्रणाली आणि सामान तसेच राहील, लहान हिश्श्यात नवी येईल’, असे सांगितले, आणि शेजारी दोन रंगांची पट्टी काढली, की भाऊसाहेबच काय, आमच्या शिपाईमामांनाही कळते. मी त्यांना फळ्यावर अशी पट्टी काढून दाखवली तेव्हा मामा म्हणाले, ‘एवढंच होय? मग तसं लिहायचं ना!’

इथवर वाचून काही जणांना वाटेल, की बाईंना एकच मोठे बटण हवे आहे. दाबले की झाले. हेच तर मला नको आहे. एका टोकाला प्रश्नांचा भडिमार करणारे पंडित आहेत तसे दुसऱ्या टोकाला गोड बोलून खिसा कापणारे आहेत, आणि खरे सांगायचे तर पंडित परवडले. ‘पुढे, पुढे, पुढे, समाप्त’ हा मंत्र या दुसऱ्या मंडळींनी आपल्या हाडीमासी खिळवला आहे. पुढे म्हणजे कुठे, हे कुणी विचारू नये एवढ्यासाठीच तो आहे. जावा ही प्रणाली टाकताना ओरॅकल कंपनी वर्षानुवर्षे ‘आस्क’ नावाची एक आगंतुक पट्टी सोबत देत असे, २०१५ पर्यंत. चौकटीत खूण आधीच केलेली. खूण काढायची ती आपण. म्हणजे भाजीवाल्याने न मागितलेले लसणाचे पाव किलो पिशवीत घालावे आणि ‘नको होते तर काढून ठेवायचे होते’ म्हणावे, असा हा व्यवहार. त्याच २०१५ साली विंडोज १० आली. पहिल्याच वेळी झटपट मांडणीचे बटण ठसठशीत, आणि स्वतः निवड करण्याचा मार्ग खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत. ते ठसठशीत बटण दाबले, की आपल्या टंकनाची, बोलण्याची आणि ठावठिकाण्याची माहिती कंपनीकडे पाठवायला आपली संमती झाली! आणि मे २०१६ मध्ये तर कमाल झाली. नवी आवृत्ती घ्या असे सांगणारी खिडकी फुलीवर टिचकी मारून बंद केली, तर ती नकार नव्हे, होकार समजली जाऊ लागली. फुली म्हणजे बंद, नको, हे या कंपनीनेच जगाला वीस वर्षे शिकवले होते. लोक इतके संतापले, की वर्षअखेर कंपनीच्या विपणनप्रमुखालाच, आमचे पाऊल फार पुढे पडले, अशी जाहीर कबुली द्यावी लागली.

पाहा, हे सगळे मेनू ‘सहज’च होते. लहान मुलालाही दाबता आले असते. तेव्हा सहज म्हणजे निव्वळ सोपे नव्हे. ज्या मेनूत मला जे होईल असे वाटते तेच होते, तो सहज. बाकीचा सापळा, आणि सापळ्यात शिरणे नेहमीच सोपे असते.

‘पण हल्ली संगणक टाकतो कोण, सगळे फोनवरच तर असते,’ असे म्हणणाऱ्यांना मी त्यांच्याच खिशातले उदाहरण देते. अँड्रॉइड फोनवर पूर्वी कुठलेही अ‍ॅप घेताना परवानग्यांची लांबलचक यादी एकदम पुढे येई. संपर्कयादी, कॅमेरा, मायक्रोफोन, ठिकाण. मान्य असेल तर घ्या, नाहीतर राहू द्या. कोण वाचणार? घरोघरच्या आज्यांनी विजेरीच्या अ‍ॅपला नातवंडांचे फोन नंबर बघायची परवानगी देऊन टाकली. २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून पद्धत बदलली. आता कॅमेरा लागेल तेव्हा कॅमेऱ्याची परवानगी मागतात, आणि नाही म्हटले तरी अ‍ॅप टाकता येते. प्रश्न तोच, शब्दही जवळपास तेच. पण वेळ योग्य असल्याबरोबर आजीला तो समजू लागला. विजेरी मायक्रोफोन मागते आहे असे दिसले की ती आता चष्मा वर करून विचारते, ‘हिला कशाला ऐकायला हवं?’ जी समज दहा पानी यादीने आली नसती ती एका वेळेवर विचारलेल्या प्रश्नाने येते. शिकवण्याच्या धंद्यात आम्हाला हे फार जुने ठाऊक आहे.

प्रश्नांच्या जागेविषयीही थोडे बोलायला हवे. फेडोरा नावाच्या प्रणालीने जानेवारी २०१३ मध्ये आपल्या अठराव्या आवृत्तीत टाकण्याचा मेनू नव्याने रचला. एकामागून एक प्रश्न न विचारता मधे एक चौक ठेवला आणि त्यातून गल्ल्या काढल्या; ज्याला ज्या गल्लीत आधी जायचे असेल त्याने जावे, काम करून चौकात परत यावे. कल्पना वाईट नव्हती. जिथे काही करायचे राहिले असेल त्या गल्लीवर खूणही दिसे. पण गल्लीतले काम ‘झाले’ असे सांगणारे बटण त्यांनी बसवले डाव्या वरच्या कोपऱ्यात! त्यावर जे वादळ उठले ते योग्यच होते. आपण पान वाचतो ते वरून खाली, डावीकडून उजवीकडे. पत्र लिहून झाले की ‘आपला नम्र’ खाली उजव्या हाताला येते. बँकेच्या चिठ्ठीवर, गुणपत्रिकेवर, लग्नाच्या नोंदणीवर सही बहुधा खालीच असते. काम पुरे केलेला डोळा तिथेच जाऊन थांबतो. त्याला तिथे काही सापडले नाही, तर काम पुरे झाले नाही असेच तो समजणार.

राहता राहिली भाषा. मराठीतून प्रणाली टाकण्याची सोय आज पुष्कळ ठिकाणी आहे. डेबियनमध्येही आहे, आणि ज्या स्वयंसेवकांनी विनामोबदला ते भाषांतर केले त्यांच्याविषयी मला आदर आहे. परंतु ‘प्रतिष्ठापन सुरू करायचे?’ असे पडद्यावर वाचले की आमच्या मुलांना भाद्रपद आठवतो. गणपती बसवायचा आहे की काय! आमच्याकडे संगणकात विंडोज ‘टाकतात’, फार तर ‘बसवतात’. बोलीतला शब्द पडद्यावर लिहायला लाज का वाटावी? आणि कळफलकाचा घोळ तर विचारूच नका. उत्साहाने मराठी कळफलक निवडावा, पुढच्याच पानावर परवलीचा शब्द मागतात. अक्षरे टिंबांत लपलेली असल्याने आपण देवनागरीत टंकतो आहोत की रोमनमध्ये हे दिसत नाही. आणि प्रणाली नीट बसल्यावर स्वतःच्याच घराचे कुलूप उघडत नाही. कळफलक निवडल्याबरोबर तिथेच एक मोकळी चौकट द्यावी, ‘तुमचे नाव लिहून पाहा’ असे म्हणावे. उबुंटूने अशी चौकट दिलेली आहे. उपाय एका ओळीचा आहे, पण तो सुचायला मराठीत टंकणारा माणूस समोर बसलेला पाहावा लागतो.

आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. कुणी पाहतच नाही. जेकब नील्सन हे या विषयातले नावाजलेले अभ्यासक. त्यांनी २००० साली लिहिले, की पाच माणसांना बसवून नुसते पाहिले तरी बहुतेक दोष दिसून येतात. पाच! आमच्या एका बाकावर त्याहून जास्त मुले दाटीवाटीने बसतात. ज्यांनी हे मेनू रचले त्यांनी पाच नवखी माणसे आणावीत, पडद्यासमोर बसवावीत आणि आपण पाठीमागे उभे राहून तोंडातून एक अक्षर काढू नये. ‘तिथे नाही, इथे दाबा’ असे म्हणण्याचा मोह होईल. दाताखाली जीभ धरावी. हे किती कठीण आहे ते मला ठाऊक आहे, वर्गात रोज करावे लागते. पण नवख्याचे बोट जिथे अडले ती जागा मेनूतल्या दोषाची असते, त्याच्या डोक्यातल्या नव्हे.

त्यांना शोधायला कठीण जाऊ नये म्हणून एक जागा मीच दाखवून ठेवते. सगळे प्रश्न संपले, प्रणाली बसली, संगणक पुन्हा सुरू व्हायला निघाला, आणि काळ्या पडद्यावर एकच ओळ उरते: कृपया प्रतिष्ठापनेचे माध्यम काढून घ्या आणि एंटर दाबा. आमच्या शिपाईमामांनी ती ओळ दोनदा वाचली, संगणकाच्या चारी बाजूंनी फिरून पाहिले आणि मला विचारले, ‘बाई, माध्यम म्हणजे मराठी माध्यम का?’ माध्यम म्हणजे तो पेनड्राइव्ह, मामा. पेनड्राइव्हवरूनच प्रणाली येते आहे हे त्या यंत्राला सुरुवातीपासून माहीत होते.